तीन वाटांनी आलेला पाव

मराठीत ‘पाव’ म्हटले की आज बहुतेकांना आधी बेकरीतली लादी आठवते. पण वाण्याकडे पाव किलो शेंगदाणे मागताना आपण हाच शब्द उच्चारतो तेव्हा त्याचा बेकरीशी काही संबंध नसतो. गणपतीपुढे हात जोडून ‘देवा, पाव रे’ म्हणणाऱ्या माणसाला तर ना वजन अभिप्रेत असते, ना खाद्यपदार्थ. लेखन एक, उच्चार एक, कुळे मात्र तीन. यांतला एक शब्द वेदकाळापासून या भूमीत आहे, दुसरा प्राकृताच्या वाटेने संतांच्या ओवीपर्यंत पोहोचला आणि तिसरा जहाजातून उतरला. तिघांची गाठ पडली ती मराठीत, आणि गाठ पडल्यावर सर्वांत उशिरा आलेल्याने पहिला मान पटकावला. हे कसे घडले ते पाहायचे तर आपल्याला पाणिनीपासून पाँपेईपर्यंत आणि वसईपासून टोकियोपर्यंत हिंडावे लागेल.

आरंभ सर्वांत जुन्या पावापासून करू. संस्कृतात ‘पाद’ म्हणजे पाय. लॅटिनमधला ‘पेस’, ग्रीकमधला ‘पूस’ आणि इंग्रजीतला ‘फूट’ हे त्याचेच भाऊबंद. गाय, घोडा, बैल या चतुष्पादांचा एक पाय म्हणजे चारांतला एक, म्हणून ‘पाद’ या शब्दाला चतुर्थांश हा दुसरा अर्थ फार लवकर जडला. ऋग्वेदातल्या पुरुषसूक्तात विराट पुरुषाची विभागणी येते तिथे हा शब्द चौथा हिस्सा याच अर्थाने आहे: एका पादात ही सारी भूते, उरलेले तीन पाद द्युलोकात. पाणिनीच्या अष्टाध्यायीचे आठ अध्याय आणि प्रत्येक अध्यायाचे चार पाद, असे एकूण बत्तीस पाद आहेत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘पण’ या नाण्याच्या चौथ्या हिश्शाचे नाणे ‘पाद’ म्हणून येते. पुढे प्राकृतात दोन स्वरांच्या मध्ये सापडलेला ‘द’ गळाला आणि ‘पाअ’ एवढेच उरले. दोन स्वर असे शेजारी आले की जीभ मध्ये कुठला तरी अर्धस्वराचा टेकू शोधते. कधी ‘य’, कधी ‘व’. मराठीने दोन्ही घेतले आणि त्यांना कामे वाटून दिली. चालायचा तो पाय झाला, मोजायचा तो पाव. हिंदीने पायालाही ‘व’च दिला, त्यावर अनुनासिक चढवला आणि ‘पाँव’ केला. ही बारीक गोष्ट लक्षात ठेवू, कारण पुढे याच ‘पाँव’मुळे एक मोठा गैरसमज पसरणार आहे.

या पावाभोवती मराठीने अपूर्णांकांचे एक अख्खे गणगोत उभे केले. पादाने उणे ते ‘पादोन’, त्याचे झाले पाऊण. पादासहित ते ‘सपाद’, त्याचे झाले सव्वा. म्हणजे सत्यनारायणाच्या पूजेत सव्वा रुपया ठेवणारा यजमान नकळत त्या वैदिक पादालाच हाताळत असतो. जुन्या शाळांतून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनची ती औटकी, असे अपूर्णांकांचे पाढे मुलांकडून घोकून घेतले जात. बाजारात उभे राहून तोंडी हिशेब करणाऱ्या माणसाला हे पाढे नित्य लागत, कारण शेराचे पाव, अर्धे आणि पाऊण होत, दशांश नव्हे. शेराचा चौथा भाग पावशेर, रुपयाचा चौथा भाग पावली. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि आण्या-पैंचा हिशेब संपला. पण शंभराला चाराने निःशेष भाग जातो, म्हणून पावली पंचवीस पैशांच्या रूपाने टिकून राहिली. अखेर २०११च्या जूनअखेर पंचवीस पैशांचे नाणे चलनातून गेले. पावकीही शाळेतून गेलेली आहे. शेर गेला, पण पावाने किलोशी जमवून घेतले. भाजीवाल्याशी कोणी अडीचशे ग्रॅमची भाषा बोलत नाही. तिथे अजूनही पाव किलोच.

दुसऱ्या पावाची वाट याहून सरळ आहे. ‘प्र’ या उपसर्गासह ‘आप्’ धातू, म्हणजे प्राप्त होणे, गाठणे. प्राकृतात त्याचे ‘पावइ’ झाले आणि मराठीत ‘पावणे’. इ.स. १२९०च्या ज्ञानेश्वरीत हे क्रियापद इतके सर्रास येते की त्या काळी ते रोजच्या बोलण्यातले होते याबद्दल शंका उरत नाही. त्याचा मूळ अर्थ पोहोचणे, मिळणे. जुन्या पत्रव्यवहारात पत्र ‘पावले’ म्हणजे हाती आले, आणि पैसे पावल्याची खूण म्हणून जी लिहून द्यायची ती ‘पावती’. बँकेत वा देवस्थानात शिक्का मारून मिळणाऱ्या कागदात हे क्रियापद आजही जिवंत आहे. मृत्यू पावणे, कीर्ती पावणे, लय पावणे या प्रयोगांतही तोच जुना अर्थ आहे. हिंदीतले ‘पाना’ आणि गुजरातीतले ‘पामवुं’ ही याच प्राप्तीच्या घरची मंडळी. मात्र मराठीने इथे एक वळण घेतले आणि ते मला फार मोलाचे वाटते. हिंदीत भक्त देवाला ‘पातो’. मिळवणारा माणूस असतो. मराठीत देव भक्ताला पावतो. चालत येण्याचे, पोहोचण्याचे काम देवाकडे गेले आणि पोहोचणे या क्रियेला प्रसन्न होण्याचा अर्थ आला. नवसाला पावणारा गणपती, हाकेला पावणारी भवानी, हे बोल त्या वळणाचे आहेत. विटेवर उभा राहून भक्ताची वाट पाहणारा देव ज्या भाषेत सर्वांत लाडका झाला, त्या भाषेने हे क्रियापद उलटे फिरवावे यात एक संगती आहे.

आता आपण तिसऱ्या वाटेला लागू. ती लॅटिनमधल्या ‘पानिस’ या शब्दापासून सुरू होते. पोसणे, चारणे, राखणे या अर्थाच्या एका प्राचीन धातूशी भाषाशास्त्रज्ञ तो जोडतात. कळप राखणारा तो ‘पास्तोर’ हाही त्यातलाच, आणि संस्कृतातला रक्षणार्थक ‘पा’, जो गोप आणि नृप या शब्दांत आहे, तोही त्याच गोत्राचा मानला जातो. इ.स. ७९ मध्ये व्हेसूव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेईत कोळसा होऊन राहिलेले गोल पाव सापडले आहेत. त्यांवर भाजण्यापूर्वीच खाचा पाडलेल्या दिसतात, म्हणजे हाताने तोडून वाटून घेता यावे. अशा खाचा पाडलेल्या पावाला ‘पानिस क्वाद्रातुस’ म्हणतात. त्यातल्या दुसऱ्या शब्दात चाराचा आकडा आहे. चौथ्या हिश्शाचा आणि पावाचा असा संबंध आपल्या ‘पाद’शी काडीचेही नाते नसताना रोममध्येही जुळून आला होता, हे पाहून क्षणभर थबकायला होते. आणखी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. ज्याच्यासोबत पाव वाटून खायचा तो सोबती, या कल्पनेतून लॅटिनच्या उत्तरकाळात ‘सह’ आणि ‘पानिस’ जोडून एक शब्द घडला, आणि त्याच्यापासूनच पुढे इंग्रजीतला ‘कंपनी’ हा शब्द आला. म्हणजे आपल्या बखरींनी आणि कागदपत्रांनी जिला कुंपणी सरकार म्हटले, तिच्या नावातही पावच दडलेला होता.

‘पानिस’ची लेकरे दक्षिण युरोपभर पसरली. इटलीत पाने, स्पेनमध्ये पान, फ्रान्समध्ये ‘पँ’सारखा उच्चार. पोर्तुगालमध्ये आधी ‘पान’ होते, मग अखेरचा ‘न’ नाकात विरला आणि स्वर ओठांकडे वळला. ‘पांव’ असे काहीसे ऐकू येणारे, पुरते अनुनासिक रूप तयार झाले. १५१० साली आफोंसो दे आल्बुकेर्कने गोवा जिंकला, तेव्हा या शब्दाचे पाऊल गोव्याच्या किनाऱ्यावर पडले. पण शब्द आला तरी पदार्थ सहजी येण्यासारखा नव्हता. भात पिकवणारा हा मुलूख. गहू घाटावरून वा गुजरातेतून आणायचा. पीठ फुगवायला जे किण्व लागे तेही इथे हाताशी नव्हते. तेव्हा नारळीच्या झाडावरून रेंदेराने, म्हणजे माडाचा रस काढणाऱ्याने, उतरवलेली सूर कामी आली. माडाची ती गोडसर, पाहता पाहता आंबणारी माडी कणकेत घातली की पीठ फुगे, आणि पावाला अशी चव येई जी लिस्बनमध्ये मिळणे शक्य नव्हते. सासष्टीतल्या माजोर्डे गावाचे नाव या विद्येचे आद्य ठिकाण म्हणून गोव्यात आदराने घेतले जाते आणि जेझुइट पाद्र्यांनी ती तिथल्या नवख्रिस्ती कुटुंबांना शिकवली असे सांगतात. पाव भाजणाऱ्या पोर्तुगीज ‘पादेइरु’चा कोकणीत ‘पोदेर’ झाला आणि त्याची भट्टी गावागावांत धुमसू लागली. मऊ पाव, कडक कवचीचा उंडो, कोंडा लावलेली पोकळ पोळी, बांगडीसारखे काकण. पोदेराच्या टोपलीत शतकांची परंपरा असते. पहाटे आणि संध्याकाळी त्याच्या सायकलचा भोंगा ऐकू आला की गोव्यातल्या घरांची दारे उघडतात.

ज्या जहाजांनी हा शब्द गोव्यात आणला तीच पुढे पूर्वेला निघाली. फ्रान्सिस झेवियर १५४२ साली गोव्यात उतरले. मलाक्का गाठून १५४९च्या ऑगस्टमध्ये ते जपानच्या कागोशिमा बंदरावर पोहोचले. त्याआधी सहा वर्षे, १५४३ साली, तानेगाशिमा बेटावर पोर्तुगीज व्यापारी आले होते. जपानी जिभेला शेवटचा अनुनासिक ऐकू आला तो ‘न’ म्हणून, आणि जपानीत शब्द रुजला तो ‘पान’. १६१४ साली तिथे ख्रिस्ती धर्मावर बंदी आली, १६३९ साली पोर्तुगिजांना देशाबाहेर काढले, त्यांच्या खुणा पुसून टाकण्याची शर्थ झाली. शब्द मात्र राहिला. दोनशे वर्षांनी, १२ एप्रिल १८४२ रोजी, एगावा हिदेतात्सू या अधिकाऱ्याने सैनिकांच्या शिदोरीसाठी कडक पाव भाजवला. चूल पेटवून भात रांधायचा तर धूर होतो आणि शत्रूला जागा कळते, हा त्यामागचा विचार. तो दिवस जपानात पावाचा दिवस म्हणून आजही ध्यानात ठेवला जातो. पण पाव खऱ्या अर्थाने जपानी झाला तो १८७४ साली. किमुरा यासुबेई या एकेकाळच्या सामुराईने तांदळाच्या मद्याच्या किण्वाने पीठ फुगवले, आत लाल चवळीसारख्या अझुकीचे गोड पुरण भरले आणि ‘आनपान’ बनवला; पुढच्याच वर्षी तो सम्राट मेइजींपुढे ठेवला गेला. गोव्याने माडाची सूर वापरली, टोकियोने भाताचे किण्व. दोन्ही भातखाऊ मुलखांनी परका पाव आपल्याच मद्याने फुगवून आपलासा केला, तोही एकमेकांच्या नकळत. कोरियात हा शब्द जपान्यांमार्फत गेला आणि ‘प्पांग’ झाला, तैवानातही त्याच मार्गाने ‘फांग’.

इतर किनाऱ्यांवर आपण भरभर नजर टाकू. श्रीलंकेत पोर्तुगीज १५०५ साली आले. सिंहलीत आणि तिथल्या तमिळीत पावाला ‘पाण’ म्हणतात, आणि बेथोव्हेनची ‘फ्युर एलिझ’ ही धून वाजवत गल्लोगल्ली फिरणारी पावाची तीनचाकी गाडी तिथे गोव्याच्या पोदेराची जागा घेते. पूर्व तिमोरच्या तेतुम भाषेत ‘पाउन’. हुगळीकाठच्या पोर्तुगीज वसाहतीतून बंगालीत शब्द गेला, तेव्हा बंगाल्यांनी परक्या नावाला ओळखीचा शब्द जोडला आणि ‘पाउरुटी’ केला. नेपाळीत पाउरोटी, हिंदीत पावरोटी. गुजरातीने ‘पांउ’ म्हणून अनुनासिक जपून ठेवला. मराठीने तो सोडला. आणि सोडला म्हणूनच तो आधीच्या दोन पावांच्या रांगेत बिनबोभाट जाऊन बसला. तोंडात ठरलेला, हजार वर्षांचा सराव असलेला उच्चार हाताशी असताना नाकातला स्वर सांभाळत बसण्याचे मराठीला कारणच नव्हते.

हा सुटलेला अनुनासिक पोर्तुगीज कानाला मात्र खटकेल, कारण त्यांच्याकडे नाक न वापरता उच्चारलेला ‘पाउ’ म्हणजे लाकूड, सोटा. तो निराळ्याच लॅटिन शब्दापासून आला आहे आणि ब्राझील या देशाचे नाव ज्या लाल लाकडावरून पडले त्या ‘पाउ ब्राझील’मध्ये तो आहे. पोर्तुगालच्या पूर्वेला, बार्सिलोनाच्या कातालान भाषेत, ‘पाउ’ म्हणजे शांतता, आणि त्याच उच्चाराचे माणसाचे नावही असते. थोर चेलोवादक पाउ कासाल्स यांचे नाव त्याचेच. पॅसिफिक महासागरातल्या हवाई बेटांवर ‘पाउ’ म्हणजे संपले, पुरे झाले. १८७८ पासून मदेइरा आणि आसोरिस बेटांवरचे पोर्तुगीज मजूर उसाच्या मळ्यांत राबायला हवाईत गेले आणि सोबत आपला गोड पाव घेऊन गेले, तेव्हा त्या बेटांवर हे दोन्ही शब्द शेजारी नांदू लागले. चिनी ‘बाओ’ हा वाफवलेला पदार्थ दिसायला आणि ऐकायला पावासारखा, पण त्याचे मूळ गुंडाळणे या अर्थाचे आहे. आपल्या पावाशी त्याचे नाते जोडण्याचा मोह आवरायला हवा.

मोह आवरायचा तर घरातलेही आवरावे लागतील. चार तुकडे होतात म्हणून पाव, अशी व्युत्पत्ती आपल्याकडे पुष्कळ जण सांगतात. पायाने पीठ तुडवतात म्हणून पावरोटी, ही हिंदी पट्ट्यातली समजूत तर फार जुनी आणि फार पसरलेली. पहिली चुकीची, कारण नाव आधीपासून होते आणि गोव्याच्या उंड्याचे किंवा पोळीचे चार भाग कोणी करत नाही. दुसरीच्या मुळाशी हिंदीतला तो ‘पाँव’ आहे, आणि तिच्या आत व्युत्पत्तीहून गंभीर काहीतरी आहे. तो विटाळ आहे.

पाव हा किनाऱ्यावरच्या हिंदू समाजात केवळ परका नव्हता, बाटवणारा होता. माडीने आंबवलेला, ख्रिस्ती हातांनी मळलेला, परधर्मीयांच्या भट्टीत भाजलेला. वसई १५३४ साली पोर्तुगिजांकडे गेली आणि १७३९ साली चिमाजी आप्पांनी घेतली, पण तिथल्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या एक कथा सांगितली जात राहिली: पाद्र्यांनी विहिरीत पाव टाकला, लोकांनी ते पाणी प्यायले आणि अख्खे गाव बाटले. अशी घटना कुठे किती घडली यापेक्षा ती लोकांना सहज पटली हे महत्त्वाचे. पाण्यात पडलेला एक तुकडा माणसाला त्याच्या जातीतून, कुळातून, पंक्तीतून उठवू शकतो असे मानणारा समाज त्या कथेत बोलतो. ज्या समाजात नाते म्हणजे रोटीबेटी व्यवहार, तिथे परक्या रोटीचे नाव घेतानाही जीभ अडखळणार. मुंबईत गोव्याच्या ख्रिस्ती लोकांना ‘माकापाव’ म्हणून हिणवले जाई, ‘मला पाव’ या अर्थाचे कोकणी शब्द त्यांच्याच तोंडावर फेकून. त्या हेटाळणीतही तोच जुना विटाळ होता.

या शब्दाच्या सगळ्या प्रवासात मला सर्वांत मोठा वाटतो तो प्रसंग याच पार्श्वभूमीवर मुंबईत घडला. १६६१च्या विवाहकरारात पोर्तुगिजांनी इंग्रजांना देऊ केलेले आणि १६६८ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती आलेले हे बेट एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोठे शहर झाले होते. १८४९ साली इथे परमहंस सभा ही गुप्त संस्था सुरू झाली. राम बाळकृष्ण जयकर तिचे अध्यक्ष, आणि तिच्यामागचे विचारांचे बळ दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे. जातिभेद मोडणे हे तिचे ध्येय. नव्या सभासदाला तिथे भाषणे ऐकून किंवा सही करून प्रवेश मिळत नसे. ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव त्याला सर्वांसमक्ष खावा लागे आणि मुसलमानाने आणलेले पाणी प्यावे लागे. विहिरीतल्या पावाच्या कथेत पाव आणि पाणी यांनीच माणूस बाटत होता; सभेने नेमक्या त्याच दोन गोष्टी उचलल्या आणि त्यांना दीक्षेची जागा दिली. १८६० साली सभासदांची नावे उघडी पडली, समाजाच्या धाकाने मंडळी पांगली आणि सभा संपली. पण १८६७ साली दादोबांचे बंधू आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने प्रार्थना समाज उभा राहिला त्यात त्या बीजाचा अंश होता. दादोबा म्हणजे मराठी भाषेचे पाणिनी. त्यांचे मराठीचे व्याकरण १८३६ सालचे. ज्या माणसाने मराठीतल्या नामांना आणि क्रियापदांना नियम लावून दिले, त्याच्याच प्रेरणेने चाललेल्या सभेत मराठी माणसांनी पावाचा घास समजून उमजून तोंडात घातला. हे धैर्य किती मोठे होते हे कळायला पुढचे एक उदाहरण पुरे. परमहंस सभा बुडून तीस वर्षे झाल्यावर, १८९० साली, पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये रानडे आणि टिळक यांच्यासह अनेक प्रतिष्ठितांपुढे चहा आणि बिस्किटे ठेवली गेली, आणि त्यावरून ग्रामण्य होऊन प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले.

विटाळ वादविवादाने पुरता गेला नाही. तो भुकेने आणि घाईने घालवला. गोव्यातून पोटापाण्यासाठी मुंबईत आलेले लोक धोबीतलाव परिसरातल्या आपापल्या गावच्या कुडांत, म्हणजे सामायिक निवासांत, उतरत. त्यांतले काही भट्टीवर लागले, काहींनी स्वतःच्या बेकऱ्या काढल्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून इराणी आले आणि त्यांनी नाक्यानाक्यावर हॉटेले आणि भट्ट्या चालवल्या. मस्का पाव आणि चहात बुडवायचा कडक ब्रुन ही त्यांची देणगी. गिरणगावात दोन पाळ्यांच्या मध्ये पोळ्या लाटत बसायला सवड नसलेल्या, गावी बायकामुले ठेवून खोलीत दाटीवाटीने राहणाऱ्या कामगाराला चार पाव आणि उसळ हे तयार जेवण होते. लादीतून मोडून हातावर ठेवलेल्या पावाची जात विचारायला त्याला वेळ नव्हता. मिसळ, उसळ, खिमा, भाजी, ऑम्लेट असे एकेक पदार्थ पावाशी जोडले गेले. कोल्हापूरने तेवढा आपला हट्ट ठेवला. तिथल्या मिसळीसोबत आजही ब्रेडचे स्लाइस येतात. मग १९६६च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी बटाटेवडा पावात घालून विकायला सुरुवात केली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. त्या घासात पाव पोर्तुगिजांचा, बटाटा अमेरिकेतून त्यांनीच आणलेला आणि त्याचे नावही कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो भाषेतून त्यांच्याच तोंडून आलेले, मिरचीही त्यांच्याच जहाजातली; बेसन, लसूण आणि हिंग मात्र आधीपासूनच आपल्या स्वयंपाकातले. १९८२ साली गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. तो मोडला तेव्हा घरी बसलेल्या कामगारांपैकी कितीतरी जणांनी वड्याची गाडी लावली. परमहंस सभेत जो घास दार लावून खावा लागे, तो आता स्थानकाबाहेर उभ्या उभ्या, कोणाच्याही शेजारी, वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळून खाल्ला जाऊ लागला.

आज या तीन पावांपैकी पहिला वजनकाट्यापुरता आणि घड्याळातल्या पावणेपाच-सव्वापाचपुरता उरला आहे. दुसरा देवळात, पावतीत आणि जुन्या वाङ्मयात आहे; बोलताना तरुण माणूस आता ‘देव पावला’ एवढे म्हणतो, ‘पत्र पावले’ म्हणत नाही. तिसऱ्याचे मात्र रोज नवे जोडशब्द होतात. पण त्याचेही दिवस पालटत आहेत. गोव्यातल्या पोदेरांची मुले हा पहाटेचा धंदा सोडून इतर कामांकडे वळली, अनेक भट्ट्या आता उत्तर कर्नाटकातून आलेले कारागीर चालवतात, आणि सुरेच्या जागी बहुतेक ठिकाणी पाकिटातले यीस्ट आले आहे. मुंबईत २०२५च्या जानेवारीत उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणाच्या प्रकरणात लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या भट्ट्यांना सहा महिन्यांत गॅसवर वा अन्य स्वच्छ इंधनावर जाण्याचे बंधन घातले, आणि महापालिकेने बेकऱ्यांना त्याप्रमाणे सूचना दिल्या. शहराची हवा पाहता हा निर्णय योग्यच आहे असे मला वाटते. तरी जुन्या भट्टीवाल्यांचे म्हणणेही ऐकून घेतले पाहिजे. भट्टी बदलायचा खर्च मोठा आहे, अनेकांच्या जागा भाड्याच्या आणि अरुंद आहेत, आणि लाकडाच्या धगीत ब्रुनला जी कवची धरते ती गॅसवर तशी धरत नाही असे ते सांगतात. सुरेची जागा यीस्टने घेतली तेव्हा पावाची चव एकदा बदलली होती. आता धग बदलते आहे, आणि बदललेल्या भट्टीत तीच कवची कशी आणायची हे शोधण्याचे काम मुंबईच्या कारागिरांवर येऊन पडले आहे.